एका डोळ्याचे वीस रुपये

औषधाच्या बाटलीवरची किंमत मोठ्यानं वाचून दाखवायची सरूअक्काला खोड होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं असोत नाहीतर दहा, ती बाटली हात लांब करून धरणार, डोळे बारीक करणार आणि जाहीर करणार, "बेचाळीस रुपये! आणि आत काय, तर पाणी." मग माझ्याकडे असं बघणार, की आमच्या वाडीतल्या विहिरीचंच पाणी मी बाटल्यांत भरून विकतोय.

"अक्का, किंमत छापलेली असते. मी छापत नाही."

"छापत नाहीस, पण घेतोस ना मेल्या? दोन रुपये सोड."

मेडिकलच्या दुकानात घासाघीस करत नाहीत, हे मी तिला कितीदा सांगितलं असेल. ती म्हणायची, मासळीत करतात, भाजीत करतात, मग डोळ्यात घालायच्या पाण्यात का नाय? शेवटी दोन रुपये सोडायचोच. नाहीतर ती हलायची नाही आणि मागचं गिऱ्हाईक तिच्या बाजूनं बोलायला लागायचं.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ दुकान टाकलं. रस्त्यापलीकडे डोळ्यांचे डॉक्टर, त्यामुळे माझ्याकडचा निम्मा माल डोळ्यांचा. घर मात्र मिरजोळ्याच्या बाजूला, एमआयडीसी ओलांडून पुढे आमची जुनी वाडी आहे तिथे. मधले दोन दगडी गडगे ओलांडले की अक्काचं घर. मला उघड्या अंगानं गुरांमागे धावताना तिनं बघितलेलं, तेव्हा दुकानाची पाटी, काचेची कपाटं, माझा पांढरा शर्ट यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. मी तिच्यासाठी दिगूच होतो.

उंच, हाडापेरानं मोठी, आवाज खणखणीत. पडवीतून तिनं हाक मारली की विहिरीवरचे भाऊ दचकायचेच, पण कारखान्याच्या गेटवरचा वॉचमनही मान वळवायचा. भाऊ म्हणजे तिचे यजमान. कोर्टात शिपाई होते. नोकरीभर लोकांच्या नावाचा पुकारा करून त्यांच्या वाटचं ओरडून झालं होतं बहुतेक, कारण घरी त्यांचा आवाज कोणी ऐकलेला नाही. अक्का बोलायची, भाऊ ऐकायचे. दोघांचंही त्यात बरं चाललेलं होतं. मूलबाळ नव्हतं. घरामागे भाताचा एक तुकडा आणि अंगणापुढे हापूसची चार कलमं, एवढी इस्टेट.

पण पंचक्रोशीत तिचं नाव होतं ते डोळ्यातलं कुसळ काढण्यासाठी.

भाताची झोडणी सुरू झाली, की वाडीत कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात काहीतरी जायचंच. भाताचं कुसळ, पेंढ्याची कणी. एमआयडीसी आल्यापासून त्यात लोखंडाच्या किसाची भर पडली. माणूस डोळ्यावर हात दाबून ठेचकाळत अक्काच्या पडवीत यायचा. ती त्याला उजेडाकडे तोंड करून पायरीवर बसवायची. मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची. मग उदबत्तीच्या काडीवर पापणी उलटी करायची आणि जिभेच्या टोकानं ते कुसळ अलगद उचलून घ्यायची. हो, जिभेनं. ऐकून शिसारी येते. मलाही आता येते. पण ज्याच्या डोळ्यात कुसळ खुपत असतं त्याला त्या वेळी शिसारीबिसारी काही येत नाही. माझे स्वतःचे दोन्ही डोळे लहानपणी तिच्या जिभेखालून गेलेले आहेत. काम झालं की अक्का अंगणात थुंकायची आणि म्हणायची, "ऊठ, चालू लाग. डोळा चोळलास तर कानफटात खाशील."

पैसे घ्यायची नाही. पैसे सोडा, कोणी काकडी आणून ठेवली, कुळीथ आणून ठेवले, तरी परत पाठवायची. ही विद्या तिला सासूनं दिली होती आणि विद्येबरोबर अटही घातली होती: डोळ्याचे पैसे घेतलेस की हातगुण जाईल. अक्का देवाला फारशी भ्यायची नाही, पण ह्या अटीला भ्यायची.

एकदा कारखान्यातले एक साहेब आले. पुण्याचे. डोळ्यात लोखंडाचा कीस. आधी ते जिभेचं ऐकून दोन पावलं मागे सरले होते. मग डोळ्यानंच त्यांना पुढे ढकललं. कीस निघाला तसे ते इतके खूष झाले, की खिशातून पन्नासची नोट काढून त्यांनी पायरीवर ठेवली.

"उचला ती," अक्का म्हणाली.

"अहो, राहू द्या हो, आनंदानं देतोय."

"उचला म्हणते ना! नायतर निघालंय ते परत घालीन डोळ्यात."

साहेबांनी नोट उचलली. पुढे वाडीत लग्न निघालं की ते आवर्जून यायचे आणि अक्कापासून चार हात लांब बसायचे.

तिची दुसरी खासियत म्हणजे डबा. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा, फडताळात वरच्या फळीवर. त्यात अख्ख्या वाडीची डोळ्यांची उरलेली औषधं असायची. त्याचं असं आहे, की डोळे आले की औषध घालायचं पाच-सहा दिवस, आणि बाटली उरते अर्धी. उघडल्यावर महिन्याभरात टाकून द्या असं तिच्यावर लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक अक्षरात, की ते वाचायला आधी डोळे बरे लागतात. आणि वाचलं तरी काय? ज्या घरांत करवंटी टाकत नाहीत, फणसाची आठळी टाकत नाहीत, तिथे बेचाळीस रुपयांची अर्धी बाटली कोण टाकणार? मग ती अक्काकडे जायची. दुसऱ्या कोणाचे डोळे आले की अक्का डबा उतरवायची, टोपणाच्या रंगावरून बाटली ओळखायची आणि द्यायची. निळ्या टोपणाचं लालीवर, पांढऱ्या टोपणाचं पू आला तर. साथ आली की एकेक बाटली पाच-पाच घरं फिरून यायची.

"अक्का, हे बरं नव्हे," मी म्हणायचो. "एकाचं औषध दुसऱ्याला घालू नये."

"तुझा धंदा बसतो, म्हणून तुझ्या पोटात दुखतं."

आता धंदा बसत होता हेही खरंच. त्यामुळे माझ्या बोलण्याला वजन यायचं नाही. आणि समोर येणाऱ्या लोकांचं मी रोज बघत होतो. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन माणूस यायचा, किंमत विचारायचा आणि मग खालच्या आवाजात म्हणायचा, "अर्धी मिळेल का?" देवरूखकडचे एक गृहस्थ तर दिवसातून सहा वेळा घालायचं औषध सकाळ-संध्याकाळ असं दोनदाच घालत राहिले. बाटली त्यांनी छान महिनाभर पुरवली. डोळा तेवढा पुरला नाही. असल्या लोकांना अक्काचा डबा म्हणजे देवच वाटला असता, आणि आमच्या वाडीला तो वाटायचाच.

मग एका वर्षी पावसाळ्यात भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नंतर सूज उतरायला डॉक्टरांनी एक औषध दिलं होतं. माझ्याच दुकानातलं. औषध चांगलं, पण भलत्या डोळ्यात घातलं तर घात करणारं. भाऊंचा डोळा बरा झाला, अर्धी बाटली उरली, डब्यात गेली.

आणि दिवाळीच्या सुमाराला सुनंदाच्या डोळ्यात कुसळ गेलं.

सुनंदा वाडीच्या पार टोकाला राहायची. वय तीस-बत्तीस. नवरा गणपत मिरकरवाड्याला लाँचवर खलाशी, एक मुलगा शाळेत. ती लोकांच्या लावणीला जायची, कापणीला जायची, झोडणीला जायची; अंगावर काम घेतलं की दोन माणसांचं उरकायची. त्या दिवशी ती अक्काच्याच खळ्यावर भात झोडत होती. अक्कानं तिथल्या तिथे कुसळ काढलंन् आणि सुनंदा परत कामाला लागली.

तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. अक्का म्हणाली, तापलाय. डबा उतरवला आणि भाऊंची उरलेली बाटली दिली. चार दिवसांत लाली गेली, ठणका गेला. अक्कानं मला मुद्दाम थांबवून ऐकवलं, "बघ, तुझ्याकडे आली असती तर शंभराला चाट बसली असती." आणखी आठ दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला. अक्का म्हणाली, अजून घाल. ठिपका तांदळाच्या कणीएवढा झाला, मग तांदळाएवढा. तेव्हा अक्काच घाबरली. सुनंदाला घेऊन पहिल्या एसटीनं आली आणि डॉक्टरांकडे नंबर लावून बसली.

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी तपासलं, मग विचारलं, "काय घालत होतात?"

अक्कानं पदराच्या गाठीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"हे कोणी लिहून दिलं?"

"कोणी नाय. माझ्या डब्यातलं."

डॉक्टरांनी मग सगळं नीट समजावून सांगितलं. भाताच्या कुसळानं डोळ्याला जखम होते, जखमेत बुरशी धरते. त्या बुरशीला ह्या औषधानं खतपाणी मिळालं. वरून लाली गेली, आत बुरशी वाढत राहिली. डोळा वाचेल की नाही, आता सांगता येत नाही. औषध आजपासून, जागेपणी दर तासाला, दीड-दोन महिने. अक्कानं हे सगळं उभ्यानं ऐकलं. शेजारी सुनंदाही ऐकत होती.

चिठ्ठी घेऊन दोघी माझ्याकडे आल्या. ते औषध रत्नागिरीत तेव्हा कोणी ठेवत नव्हतं, कारण खपत नव्हतं. कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलनं मागवायला लागायचं. मी किंमत सांगितली. सुनंदाच्या चार दिवसांच्या मजुरीची एक बाटली, आणि दर तासाला घालायची म्हणजे बाटली पाच दिवसही जेमतेम पुरणार. वर पोटात घ्यायच्या गोळ्या, त्या आणखी महाग. अक्का त्या दिवशी घासाघीस करायला विसरली, आणि मला ते बघवलं नाही.

डोळ्याचा खर्च म्हणजे बाटलीचा खर्च, असं ज्यांनी कधी भरला नाही त्यांना वाटतं. दर चार दिवसांनी डॉक्टरांकडे यायचं, तेव्हा एसटीचं तिकीट दोघींचं. एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या बाईला एकटीला कोण सोडणार? तिची मजुरी बुडालेली. तपासणीला कोल्हापूरला पाठवलंनी, तेव्हा गणपतनं लाँचची फेरी सोडली, त्याचेही गेले. डॉक्टरांनी पहिल्या तपासणीनंतर स्वतःची फी घेतली नाही. मी माझा नफा सोडला. तरी खाली राहिलेला आकडा सुनंदाच्या घरात मावणारा नव्हता. गणपतनं दोन बाटल्यांपर्यंत रेटलं आणि मग सरळ सांगितलंन्, "आता नाय जमत. एका डोळ्यानं बघ."

हे अक्काच्या कानावर गेलं. ती म्हणाली, सुनंदाला माझ्याकडे आणून ठेवा. थेंब मी घालीन आणि बाटलीही मी आणीन. आणि रविवारी सकाळी ती माझ्या पडवीत येऊन उभी राहिली. चहा नको म्हणाली. बसलीही नाही.

"दिगू, तुझे दोन डोळे. लहानपणी काढलेले. चाळीस रुपये काढ."

मला आधी कळेचना.

"एका डोळ्याचे वीस," अक्का म्हणाली. "सगळ्यांकडून घेणार आहे. माझ्या हातानं त्या पोरीचा डोळा नासलाय, तो मला भरून द्यायचाय. माझ्याकडे आहेत ते घातले, पुरत नाहीत. भीक मागत नाय मी. काम केलंय, त्याचे मागत्येय."

भाऊ तिच्या मागे अंगणात उभे होते. ते बोलले. मी दचकलोच. म्हणाले, "सरू, पैसे घेतलेस तर हातगुण जाईल."

"जायलाच हवा," अक्का म्हणाली.

मी चाळीस रुपये दिले. जास्त देत होतो, ते घेतलेन् नाहीत. म्हणाली, दोनच डोळे आहेत ना तुला?

मग सगळी वाडी, शेजारच्या दोन वाड्या, एमआयडीसीच्या गेटपर्यंत. वहीबिही काही नव्हती. कोणाच्या कुठल्या डोळ्यात काय गेलं होतं ते तिला तोंडपाठ. प्रत्येक दारात ती आधी स्वतःचं सांगायची, मोठ्यानं, आतल्या बायकांना ऐकू जाईल असं: माझ्या हातानं सुनंदाचा डोळा नासला. मग हात पुढे. बहुतेकांनी मुकाट दिले. पण माणसं ती माणसंच. एक आंब्याचा ठेकेदार म्हणाला, "तेव्हा तर फुकट म्हणालीस."

"तेव्हा म्हणाले. आता नाय म्हणत."

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं गो अक्का तुला..."

"होय रे शिंच्या, आणि माझ्या डोळ्यातलं मुसळ सगळ्या गावाला दाखवत फिरत्येय. वीस काढ."

दुसरा एक महाभाग म्हणाला, माझ्या डोळ्यात कुसळ नव्हतंच, चिलट होतं, दहाच देतो. तिनं दहा घेतले. पुण्याच्या साहेबांनी पाचशेची नोट काढली, तेव्हा वाडीतली चार पोरं मागे जमली होती, आता काय होतंय ते बघायला. अक्कानं नोट घेतली, एकशेऐंशी सुट्टे परत दिले आणि म्हणाली, "कारखान्यातल्या सगळ्यांचे धरले. कोणाकोणाकडून घ्यायचे ते तुमचं तुम्ही बघा." मी त्या दिवशी हसलो होतो. नंतर एकटाच बसलो असताना मात्र मला भरून आलं. ज्या एका गोष्टीसाठी तिला मान होता ती गोष्ट ती वीस-वीस रुपयांना मोडून टाकत होती.

गणपत लाँचवरून आला तो थोडी टाकूनच. अक्काच्या अंगणात उभा राहून ओरडायला लागला, "माझ्या बायकोला आंधळी केलीस!"

"केली," पडवीतून अक्का म्हणाली. "आत ये. चहा घे, आणि तुझे किती जमतायत ते सांग."

 तो आत आला आणि पडवीच्या कठड्यावर बसून रडला. भाऊंनी चहा केला.

सुनंदा अक्काच्या माजघरात राहत होती. सकाळी उजाडल्यापासून रात्री निजेपर्यंत दर तासाला एक थेंब. अक्कानं गजराचं घड्याळ घेतलं, हात साबणानं धुवायची, डॉक्टरांनी दाखवलं तसं खालची पापणी ओढून थेंब सोडायची. आणि सुनंदा तिच्याशी एक अक्षर बोलायची नाही. भाऊंशी बोलायची, बोक्याशी बोलायची, मी बाटली घेऊन गेलो तर माझ्याशी बोलायची. अक्का आली की तोंड वर करून डोळा उघडायची, थेंब पडला की मिटायची आणि भिंतीकडे वळायची. अक्का बिचारी एकटीच बोलत राहायची: आज पेज कशी झाल्येय, म्हशीनं लाथ मारलीन्, शेजारणीचं काय नि काय. समोरून उत्तर नाही. राग खरा होता आणि तो करायचा सुनंदाला हक्क होता; मी तरी तिला कधी समजवायला गेलो नाही.

तीन आठवडे असेच गेले असतील. एके दिवशी दुपारी अक्का माझ्या दुकानात आली ती धापा टाकत. एसटीच्या गर्दीतून उतरून धावत आली असावी. मला वाटलं, डोळा गेला.

"बोलली!" अक्का म्हणाली. "दिगू, बोलली ती!"

"काय बोलली?"

"नख लागतंय म्हणाली."

आणि ती माझ्या काउंटरवर दोन्ही हात पसरून उभी राहिली. दहाही बोटांची नखं अगदी कातडीपर्यंत कापलेली, एकाला तर रक्त आलेलं. "नख लागतंय तुझं, म्हणाली," ती परत परत सांगत होती आणि हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुकानातली माणसं बघायला लागली. बाटली घ्यायला आलीस का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली नाय, सांगायला आले. तेवढ्यासाठी तिनं एसटीचं तिकीट काढलं होतं.

वाडीचे पैसे महिन्यात संपले. मग भाऊंनी, अक्काला न विचारता, अंगणापुढची चारही कलमं मोहोर यायच्या आधीच त्या ठेकेदाराला तीन वर्षांच्या करारावर देऊन टाकली. पडत्या भावानं, अर्थात. वैशाखात पेट्या भरून गेल्या, तेव्हा त्या घरात खायला एक आंबा नव्हता. 

डोळा राहिला. म्हणजे काढायला लागला नाही, ठणका थांबला, जखम भरली. पण बुबुळावर पांढरा डाग कायमचा बसला. त्या डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळायचा, समोरचं माणूस कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेलंत तर बुबुळ बदलता येतं. नंबर लावायचा, राहायचं, वर्षभर औषधं. अक्का तयार होती. घरामागचा भाताचा तुकडा विकायच्या गोष्टी करायला लागली. तेव्हा सुनंदानंच तिला थांबवलं. "पुरे झालं," ती म्हणाली. "आणखी किती जणांना एका डोळ्यापायी धुवायचं?" आणि ती काजूच्या कारखान्यात कामाला लागली.

अक्कानं त्यानंतर कोणाच्या डोळ्याला हात लावला नाही. डबा तिनं त्याच दिवशी रिकामा केला होता, ज्या दिवशी डॉक्टरांकडून आली. कोणी डोळा दाबत पडवीत आला, तर ती त्याला दंडाला धरून एसटीत बसवायची आणि डॉक्टरांच्या दारात सोडून यायची. फीचे नाहीत म्हणून कोणी कुरकुरलं, तर म्हणायची, "कुसळाचे पैसे द्यायला बरे, बुरशीचे द्यायला लागले म्हणजे कळेल." झोडणीच्या दिवसांत तिनं आणखी एक उद्योग केला. हातखंब्याला हायवेवर गॉगल विकायला बसतात, त्यांच्याकडून तिनं ढीगभर गॉगल घासाघीस करून आणले आणि आपल्या खळ्यावर सगळ्या बायकांना लावायला लावले. लुगडं खोचून, काळे गॉगल लावून भात झोडणाऱ्या त्या बायका बघायला एमआयडीसीतली माणसं जेवणाच्या सुट्टीत यायची. अक्का त्यांना हाकलायची.

चार-पाच वर्षं गेली. अक्काला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू झाले. भाऊंनी तिला मोफत शिबिरात नेलं, उजव्याचं ऑपरेशन झालं, छान झालं. डाव्याला मात्र ती तयार होईना. शिबिरं येत होती आणि जात होती. मला म्हणायची, पैसे कुठायत? फुकट असतं म्हटलं तर म्हणायची, औषधाला लागतात, गाडीला लागतात. मग म्हणायची, एक पुरतो. खरं काय ते वाडीत सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कोणी नव्हतं. मला तो शुद्ध आचरटपणा वाटायचा आणि मी तिला तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, तू गोळ्या वीक.

त्याच सुमाराला मी दुकान भावाकडे सोपवून देवरूखला दुसरं टाकलं आणि बिऱ्हाड तिकडे हलवलं. अक्का गेल्याचं मला तिथेच कळलं, तेव्हा पोचणं झालं नाही. म्हणून मी तिला शेवटची पाहिली ती रत्नागिरीच्या दुकानातून, निघायच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी.

सुनंदा दुकानात आली. कारखान्यातून परस्पर आली होती, बोटं काजूच्या चिकानं काळी पडलेली. तिनं डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची औषधं, रुग्णाचं नाव सरस्वती. तिनं पैसे मोजून ठेवले, पिशवी घेतली आणि वळली. अक्का बाहेर बाकावर बसली होती, रस्त्याकडे पाठ करून, रुसलेल्या मुलीसारखी.

"ऊठ," सुनंदा म्हणाली. "पैसे भरले तुझे."

"कोणी सांगितलंन् तुला? मी नाय करायची. मला एक पुरतो."

"माझा गेला तो गेला. तुझा फुकट घालवायला मी देणार नाय. ऊठ म्हणते ना!"

  अक्का उठली. सुनंदानं तिचं मनगट धरलं. दोघी रस्त्यात उतरल्या तेवढ्यात डावीकडून एक रिक्षा जोरजोरात हॉर्न वाजवत आली आणि अगदी जवळून गेली.

"वायच हळू चल गो," अक्का म्हणाली. "त्या बाजूचं मला दिसत नाय."

"मला तरी कुठे दिसतंय?" सुनंदा म्हणाली. तिनं मान पूर्ण वळवून रस्ता दोनदा बघितला, आणि अक्काला ओढत पलीकडे घेऊन गेली.